मुरबाडच्या वाटेवरच्या काकू

“आले, आले गं! चौघं आहेत, आणि त्यातला एक लंगडतोय!”

ही आरोळी कानावर पडली की आमच्या आळीत सगळ्यांना कळायचं, काकूंना आज माणसं मिळाली. लंगडणारा माणूस दिसला म्हणून एवढी हरखून जाणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. मनात वाईट काही नसे. आता त्याला ओट्यावर बसवायचं, त्याचे पाय बघायचे, आणि संध्याकाळपर्यंत तो नीट चालत पुढे जाणार, हे सगळं त्यांना त्या एका क्षणात दिसायचं आणि हातातलं काम टाकून त्या धावत सुटायच्या. कधी हाताला पीठ, कधी खांद्यावर ओलं लुगडं, एकदा तर हातात उलथनं आणि त्यावर अर्धी भाजलेली पोळी.

लग्न होऊन मी कल्याणला आले ती काकूंच्या मागच्या दोन खोल्यांत. आमचे ‘हे’ मुंबईला एका कचेरीत कारकून. सकाळच्या गाडीने जायचे, दिवेलागणीला परत. दिवसभर मी एकटी, आणि पुढच्या घरात काकू. घर गावाच्या टोकाला, मुरबाडहून येणारा रस्ता गावात शिरतो तिथे. काका वकील. मूलबाळ नाही. काकू तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या, उंच, सडपातळ, आणि चाल अशी की शेजारून जाताना वारा लागावा.

कल्याणला आगगाडी येऊन तोवर पुष्कळ वर्षं झाली होती, पण गाडी आली म्हणून पायी चालणारे काही संपले नव्हते. जुन्नर, ओतूरकडची माणसं माळशेज घाट उतरून मुरबाडवरून यायची. कुणी मुंबईला गिरणीत काम शोधायला, कुणी बहिणीला भेटायला, कुणी यात्रेला, कुणी नवस फेडायला. गोसावी यायचे, तट्टं घेऊन व्यापारी यायचे. घाटातले दगड, मग मुरबाडचा फुफाटा, आणि मग काकू.

त्या वाटेत आडव्याच उभ्या राहायच्या.

“गाठोडं इकडे द्या. बसा. पाय दाखवा.”

माणूस बिचकायचा. परक्या घरची बाई, नऊवारी लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि पाय दाखवा म्हणते! कुणी म्हणायचा, “नाही आई, पुढे जायचंय.” तोवर गाठोडं काकूंच्या काखेत गेलेलं असायचं. गाठोड्याशिवाय तो जाणार कुठे? बसायचा मुकाट्याने. मग कढत पाण्यात मीठ, त्यात पाय. मग कोकमाचं तेल. ते आमच्याकडे गोळ्यासारखं थिजलेलं मिळतं, ते निखाऱ्यावर पातळ करून काकू भेगांत भरायच्या. कढत तेल भेगेत शिरलं की चांगला दणकट माणूस “आई गं!” करून ओरडायचा आणि काकूंचा चेहरा उजळायचा. “लागलं ना? म्हणजे पोचलं आत!”

त्या कुणाचं नाव विचारत नसत, जात विचारत नसत. याचा समोरच्या घरातल्या आत्याबाईंना फार त्रास व्हायचा. एकदा त्या ओट्यापाशी येऊन म्हणाल्या, “अगं, कुणाकुणाचे पाय धरतेस? निदान कोण, कुठला, एवढं तरी विचार!”

“विचारीपर्यंत फोड फुटतो, आत्याबाई,” काकू मान वर न करता म्हणाल्या. “आणि आमच्या विहिरीला पाणी आहे.”

म्हणजे माणसं गेली की त्या आंघोळ करायच्या. दिवसात दोनदा, तीनदा, जितक्यांदा माणसं येतील तितक्यांदा. मी त्यांचे केस कोरडे असे कधी पाहिलेच नाहीत. थंडीत सुद्धा अंबाड्यातून पाणी गळायचं. सोवळं त्यांनी सोडलं नव्हतं आणि माणसंही सोडली नव्हती. दोन्हीच्या मध्ये त्यांनी विहीर ठेवली होती.

या सगळ्याच्या बदल्यात त्यांना एकच गोष्ट हवी असायची. रस्ता. पाय पाण्यात असेपर्यंत माणसाने आपण आलो तो रस्ता सांगायचा. कुठे चढ, कुठे सावली, कुठल्या धर्मशाळेत ढेकूण, कुठल्या गावचा पाटील प्यायला ताक देतो. काकू ऐकायच्या तेव्हा त्यांचे डोळे लकलकायचे, मध्येच विचारायच्या, “मग त्या ओढ्याला डावीकडे घालायचं की उजवीकडे?” आणि हे सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं बसायचं. मग ठाण्याकडून घाटावर परत जाणारा कुणी आला की त्याला पढवायच्या. “वडाच्या पारावर झोपू नका, मुंग्या आहेत. पुढे अर्ध्या कोसावर मारुती आहे, तिथे झोपा.” ऐकणाऱ्याला वाटावं, ही बाई कालच तिथून आली.

प्रत्यक्षात त्या लहानपणी लग्न होऊन पनवेलकडून बैलगाडीतून कल्याणला आल्या, त्यानंतर वेशीबाहेर म्हणून गेल्या नव्हत्या.

काकांचा स्वभाव अगदी उलटा. हळू बोलणार, हळू जेवणार. काकूंनी एखाद्या पांथस्थाला काकांची नवी वहाण देऊन टाकली की ते चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, “माझी हरकत नोंदवून ठेवा.” बस, एवढंच. मग जुनी वहाण पायात घालून कोर्टात. त्या घरात काकांच्या किती हरकती नोंदवल्या गेल्या असतील देव जाणे, एकीचाही निकाल त्यांच्या बाजूने लागलेला मला आठवत नाही.

एकदा मात्र काका खरेच हादरले. झालं असं, की सकाळी सकाळी एक गृहस्थ मुरबाड रस्त्याने येताना दिसले. अंगात लांब कोट, पायात नवे इंग्रजी बूट, आणि चाल अशी की एकेक पाऊल जणू निखाऱ्यावर टाकतायत. काकूंनी आरोळी ठोकली आणि गेल्या आडव्या. गृहस्थ म्हणाले, “अहो बाई, तुमचा काही गैरसमज—” पण त्यांच्या हातातली काठी तोवर काकूंनी काढून घेतली होती. बूट निघाले. टाचेवर हा एवढा फोड. “नवे बूट घालून कुणी प्रवासाला निघतं का?” म्हणून काकूंनी त्यांना चांगलं झापलं, पाय शेकले, तेल लावलं, जुन्या धोतराची पट्टी बांधली, आणि वर शिदोरीला दशम्या दिल्या.

त्याच दिवशी काका कचेरीत गेले तर समोर नवे मामलेदार. सकाळी फिरायला गेलेले. काकांना घरी येईपर्यंत घाम फुटलेला.

“अहो, ते मामलेदार होते!”

“मग काय? मामलेदाराला फोड येत नाही?”

“ते सगळ्यांदेखत मला म्हणाले, वकीलसाहेब, तुमच्या मंडळींना सांगा, दशम्या फार चांगल्या होत्या.”

काकूंनी एवढंच विचारलं, “आणि टाच?”

हे सगळं मी हसत हसत सांगते आहे, पण त्या माघ महिन्यातली गोष्ट सांगायची तर अजून मी हातातलं काम बाजूला ठेवते.

त्या संध्याकाळी आरोळी आली नाही. काकू ओट्यावरून नुसत्या उठून उभ्या राहिल्या. रस्त्याने एक म्हातारा येत होता. खांद्यावर कावड. बांबूच्या दोन टोकांना वेताच्या दोन टोपल्या, प्रत्येकीत लाखेने तोंड बंद केलेला तांब्याचा गडू, वर भगवं फडकं. आणि तो म्हातारा चालत नव्हता, एक पाय मागून ओढत होता. काकूंनी त्याचं गाठोडं मागितलं नाही. त्या धावत आत गेल्या, भिंतीतल्या मोठ्या खुंटीवरची काकांची पगडी खाली फेकली आणि ओरडल्या, “इथे टांगा! खाली टेकायची नसते, ठाऊक आहे मला!”

म्हाताऱ्याने कावड खुंटीला अडकवली आणि मग तो भिंतीला धरून खाली बसला.

तो पैठणकडचा. सहा जण काशीची गंगा घेऊन निघाले होते, रामेश्वराला घालायला, सगळं पायी. गावाकडे देवदर्शन करून माळशेज उतरले होते, आता कोकणातून गोकर्णावरून पुढे जायचं. सहा निघाले त्यात याचा थोरला भाऊ होता. तो वाटेत नर्मदेच्या अलीकडे तापाने गेला. तेव्हापासून त्याचा गडू यानेच आपल्या कावडीत घेतला होता. “एक त्याचा, एक माझा,” तो म्हणाला. पाय सुजल्याने तो मागे पडला होता. बाकीचे चौघं ठाण्याला तळ्याकाठच्या महादेवाच्या देवळात थांबले होते. उद्या सूर्यास्तापर्यंत त्याची वाट बघून पुढे निघणार होते. त्यांचा नेम होता, गंगा एका गावात एका रात्रीपेक्षा जास्त राहू द्यायची नाही. याच्यासाठी त्यांनी तो एकदा मोडला होता, आणखी मोडणार नव्हते.

काकूंनी पाय पाहिला आणि पहिल्यांदाच त्या कढत पाणी आणायला उठल्या नाहीत. त्यांनी मला वैद्यांकडे पिटाळलं. वैद्यांनी पाय दाबून पाहिला, पू काढला, पाला बांधला, आणि म्हणाले, “पंधरवडाभर हा पाय जमिनीला लावायचा नाही. लावलास तर पाय राहणार नाही.”

म्हातारा खुंटीवरच्या कावडीकडे बघत राहिला, आणि मग पंच्याने तोंड झाकून घेतलं.

काका लगेच बाहेर पडले. कावड ठाण्याला पोचवायला कुणी चांगला माणूस मिळतो का बघायला. देवळातल्या भटजींकडे उद्या श्राद्ध होतं. एक तरुण तयार झाला, पण आगगाडीने जातो म्हणाला. म्हातारा म्हणाला, “वाहनात नाही चालत, बाबा. नदीला होडी चालते, कारण तिथे पाय पोचत नाहीत. बाकी पायीच.” मग त्या तरुणाला उद्याचं काही काम आठवलं. काका दमून परत आले.

सकाळी उजाडता उजाडता मी अंगणात सडा घालत होते, तो काकू पुढच्या दारात उभ्या. आंघोळ झालेली, सोवळ्याचं रेशमी लुगडं, पदर कमरेला घट्ट खोचलेला, त्यात दशम्यांची शिदोरी.

“काकू, कुठे?”

“ठाण्याला.”

आतून काका आले. “अहो, थांबा जरा! माणूस बघतो ना मी आणखी.”

“बघा. मिळाला की मागून पाठवा. मी पुढे होते.”

“माझी हरकत—”

“नोंदवली!”

म्हातारा एका पायावर उठून खुंटीपाशी उभा होता. त्याने काकूंकडे पाहिलं. “बाई, तुम्ही नेणार?”

“मी. रस्ता मला पाठ आहे.”

“कधी गेला होतात?”

“कधीच नाही,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी खांदा पुढे केला.

त्याने कावड त्यांच्या खांद्यावर ठेवली. म्हणाला, “डुलू द्या तिला. तिच्या डुलण्याबरोबर पाऊल टाका. अडवायला गेलात की जड होते.”

एक खांदा दमला तर कावडीला दुसरा खांदा हवा, जमिनीवर टेकता यायची नाही, हे माझ्या लक्षात आलं आणि मी सड्याची बादली तिथेच ठेवली. ‘ह्यां’ची गाडी नुकतीच गेली होती. विचारायला कुणी नव्हतं. मी घाईने दोन तांबे डोक्यावर ओतून घेतले, लुगडं बदललं आणि धावले.

आत्याबाई दारात उभ्या होत्या. “बायकांनी कावड उचललेली ऐकिवात नाही हो!”

“मग आता ऐका!” काकू चालता चालता म्हणाल्या.

दुर्गाडी किल्ल्याच्या खाली होडीत बसून आम्ही कोनगावच्या काठाला उतरलो, आणि काकूंचा आनंद जो सुरू झाला तो विचारू नका. आयुष्यभर ऐकलेला रस्ता त्यांच्या समोर येत होता! “बघ, बघ, ती चिंच! ढोलीची! तो ओतूरचा कासार म्हणाला होता ना? आता उजवीकडे देऊळ येईल बघ… आलं! अगं आलं!” प्रत्येक झाडाला, प्रत्येक पाराला त्या माहेरचं माणूस भेटल्यासारख्या भेटत होत्या. खांद्यावर कावड डुलत होती आणि तोंड एकसारखं चालू होतं. एका ठिकाणी त्या म्हणाल्या, “आता गोड्या पाण्याची विहीर. इथे मी सगळ्यांना पाठवते.” विहीर आली. मी पाणी शेंदून तोंडाला लावलं आणि थुंकले. खारट! काकूंनी स्वतः ओंजळभर पिऊन पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. “अगं बाई! किती जणांना मी हे पाणी प्यायला लावलं असेल!” दहा पावलं गेल्यावर म्हणाल्या, “कुणी परत येऊन बोललं कसं नाही?” आणि मग आम्ही दोघी अशा हसलो, की कावड जास्तच डुलायला लागली.

ऊन चढलं तसं हसू कमी झालं. आम्ही खांदे बदलत होतो. उभ्या उभ्या, खांद्याला खांदा लावून, एकीचा बांबू दुसरीवर सरकवायचा. मी पहिल्यांदा घेतली तेव्हा वाटलं, एवढीशी तर आहे. थोडं चाललं की बांबू हाडावर येतो आणि मग दुसरं काही सुचत नाही. रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. एका गाडीवानाने गाडी थांबवून बसायला सांगितलं. काकू म्हणाल्या, “नाही रे बाबा, ही गाडीत बसत नाही.” ही कोण, ते त्याला कळलं नसावं. तो माझ्याकडे बघत राहिला.

दुपार कलली तेव्हा आम्ही काशेळीच्या खाडीवर पोचलो. ओहोटी होती. पाणी मध्ये एका पट्ट्यात उरलेलं, त्यात होडी उभी, आणि काठापासून होडीपर्यंत नुसता काळा गाळ चमकत होता.

तांडेल होडीतून ओरडला, “भरती आल्याबिगर होडी काठाला नाय लागायची!”

“भरती केव्हा?”

“दिवस बुडताना!”

दिवस बुडताना ते चौघं निघून जाणार होते. काकू काठावर उभ्या राहिल्या, ओठ घट्ट मिटलेले. मी म्हणाले, “काकू, आपण काय करणार? आपण आपलं केलं.” त्यांनी माझं ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी कासोटा वर खोचला आणि गाळात पाय टाकला. पाय पोटरीपर्यंत गेला.

“आगो बाय! तिथं नको जाऊ, रुतशील!”

गाळातून एक आगरी बाई येत होती. डोक्यावर टोपली, त्यात गाळातून वेचलेल्या शिंपल्या, कमरेपर्यंत चिखल. “अशी ये, माझे मागून. हितं खाली दगुड हाय.”

त्याच वेळी मागून हाक आली. कुणी तरी धापा टाकत, तुटक्या आवाजात. “अहो! अहो, थांबा!”

वळून पाहिलं तर काका. पगडी नाही, उपरणं खांद्यावरून लोंबतंय, वहाणा हातात. सकाळपासून मागून चालत आले होते.

“मिळाला का माणूस?” काकू गाळातूनच ओरडल्या.

“नाही मिळाला,” काका म्हणाले. “म्हणून मीच आलो.”

काकूंनी त्यांच्या हातातल्या वहाणांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “मग उभे काय राहिलात? धोतर खोचा!”

तो गाळ मी जन्मात विसरणार नाही. पुढे ती आगरी बाई, तिच्या मागे कावड घेऊन काकू, मग मी, मग काका. पाय काढायचा तर गाळ सोडत नव्हता, प्रत्येक पावलाला फसक्कन आवाज. आणि होडीपासून चार हातांवर काकूंचा पाय घसरला. त्या एका गुडघ्यावर बसल्या, कावड तिरपी झाली, मागची टोपली खाली खाली आली. मी ओरडले. माझे हात पोचत नव्हते. आगरी बाई वळली, डोक्यावरची टोपली तिने गाळात टाकून दिली आणि दोन्ही हातांनी कावडीचं टोक वरच्यावर झेललं. टोपलीचा तळ आणि गाळ यांच्यात वीतभर अंतर असेल.

मग तिच्या लक्षात आलं. रेशमी लुगडं, भगवं फडकं. तिचे हात कोपरापर्यंत काळे. ती घाबरली. “माझा हात लागला गो बाय.”

काकू गाळात गुडघ्यावर, धापा टाकत. म्हणाल्या, “गंगा आहे ती. तू धरलीस म्हणून राहिली. सोडू नकोस, होडीपर्यंत चल.”

ती चालत आली. होडीत बसल्यावर काकूंनी कावड माझ्या खांद्यावर दिली आणि आपल्या शिदोरीतल्या सगळ्या दशम्या तिच्या पदरात घातल्या. तिच्या शिंपल्या गाळात विखुरल्या होत्या. ती परत त्या वेचायला लागली आणि आमच्याकडे बघून हसली.

बाळकुमच्या काठाला पुन्हा गाळ, पण थोडा. वर आल्यावर काकूंचा खांदा पुढे होईना. काका शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी आपला खांदा लावला. मी पाहिलं, कोर्टात शब्द तोलून बोलणारे काका कमरेपर्यंत चिखलाने माखलेले, खांद्यावर कावड, आणि कावडीचं डुलणं त्यांना काही जमेना. काकू बाजूने चालत सारख्या सांगतायत, “अहो, अडवू नका तिला! डुलू द्या!” रस्त्यात एका ओळखीच्या पक्षकाराने हात जोडले. “वकीलसाहेब? तुम्ही?” काका थांबले नाहीत. “उद्या, उद्या या,” म्हणाले.

सूर्य खाली खाली चालला होता. शेवटी तर आम्ही पळतच होतो. तळं दिसलं, देऊळ दिसलं, आणि देवळासमोर चार कावडी खांद्यावर घेतलेली चार माणसं दिसली. त्यांची पाठ आमच्याकडे होती. निघाले होते ते!

“थांबा!” काकूंनी जी आरोळी ठोकली, ती तळ्याच्या पलीकडे ऐकू गेली असेल. “थांबा हो! आली! गंगा आली!”

चौघं वळले. त्यांच्यात एक उंच, पांढऱ्या दाढीचा होता, तो पुढे आला. त्याने कावड ओळखली. काकांनी सगळं सांगितलं, पाय, वैद्य, खुंटी. तो ऐकत होता. मग त्याने विचारलं, “वाटेत कुठे टेकली?”

“नाही,” काकू म्हणाल्या.

“वाहन?”

“होडी दोनदा.”

“होडी चालते.” त्याने हात पुढे केले.

“थांबा,” काकू म्हणाल्या. “आणखी आहे. मी बाई आहे ते तुम्हाला दिसतंच आहे. काशेळीच्या गाळात मी पडले. एका आगरी बाईने कावड धरली, तिचे हात लागले. होडीपर्यंत तिनेच आणली. मागून कळायला नको, म्हणून सांगते.”

काकांनी डोळे मिटून घेतले. पुढे कित्येक वर्षं ते म्हणायचे, वकिलाची बायको असून कुणी न विचारता कबुली दिली!

एवढं चालून आलो ते सगळं आता या म्हाताऱ्याच्या एका शब्दावर आलं होतं. तो काकूंकडे बघत होता, त्यांच्या चिखलाच्या लुगड्याकडे, मग गडूंच्या लाखेकडे. मग म्हणाला, “नर्मदेत आमची होडी उलटली तेव्हा यातला त्याच्या भावाचा गडू एका भिल्लाने दातात धरून पोहत काठाला आणला होता, बाई. भाऊ होता तेव्हा. गंगेला असे हात लागतच आलेत.”

त्याने कावड उचलून सगळ्यात तरुण माणसाच्या दुसऱ्या खांद्यावर दिली. चौघांनी एकदा “हर हर महादेव” म्हटलं आणि ते चालू लागले. काकू वळणापर्यंत त्यांच्या मागून गेल्या.

परतताना मात्र आम्ही आगगाडीने आलो. काकू पहिल्यांदाच गाडीत बसल्या होत्या, पण खिडकीबाहेर त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. काकांना आणि मला त्या तोच दिवस पुन्हा पहिल्यापासून सांगत होत्या, जणू आम्ही बरोबर नव्हतोच. घरी ‘हे’ आधीच येऊन ओट्यावर बसले होते, त्या म्हाताऱ्याजवळ. त्यांना त्याच्याकडून सगळं कळलं होतं. माझ्या चिखलाकडे बघून नुसते “चहा टाकतेस का?” म्हणाले. त्यातच मला सगळं मिळालं.

काकू धाडकन ओट्यावर बसल्या आणि म्हाताऱ्याला सांगायला लागल्या. श्वास न घेता. ढोलीची चिंच, खारट विहीर, तांडेल, गाळ, ती आगरी बाई, उंच म्हातारा काय म्हणाला, तरुणाने कुठल्या खांद्यावर घेतली. हात हलत होते, डोळे लकलकत होते. “गेली हो पुढे! दोन्ही गडू गेले, तुमचा आणि तुमच्या भावाचा!”

म्हातारा ऐकत होता. पाला बांधलेला पाय लांब केलेला. ऐकून झाल्यावर त्याने डोळे पुसले, काकूंकडे थोडं वाकून पाहिलं, आणि हळूच विचारलं, “खांद्याला फार लागलं का हो?”

काकू बोलायच्या थांबल्या. किती वर्षं त्या ओट्यावर किती माणसं येऊन बसली असतील, पण असं काही त्यांना कुणी विचारल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्यांनी पदर थोडा बाजूला केला. बांबूची लाल, सोललेली रेघ खांद्यावर उठली होती. त्या तिच्याकडे बघत राहिल्या, जणू त्यांना ती आत्ताच दिसली होती. मग त्यांचा ओठ लहान मुलीसारखा थरथरला.

“लागलं हो,” काकू म्हणाल्या. “पुष्कळ लागलं.”

काका उठले आणि निखाऱ्यावर तेल ठेवायला आत गेले.